आयेचा रविवारचा घास

भातसानगर, सोमवार

सौ. लहानीस गोमाचा राम राम.

आपला भगीरथ वेळेवर कामाला जातो. सुनेच्या माहेरून निरोप आला, बाळ-बाळंतीण बरी आहेत. तुझा खोकला थांबला का?

एक सांगतो, रागावू नको. सून येईपर्यंत माझ्या आयेच्या घासासाठी रविवारचं बोंबलाचं कालवण आणि भाकरी मीच करीन, असा तुला शब्द दिला होता. चार रविवार केलं. काल तव्याने बोटं भाजली. जास्त नाही, पण भाकरी थापता येईना. मग खानावळीतून आणलं आणि गुपचूप आपल्या टोपात ओतलं.

भगीरथ म्हणाला, "बाबा, आज जमलं तुमाला! आयेच्या हातचं वाटतंय." मी त्याच्या ताटात आणखी कालवण वाढलं.

माझ्या आयेच्या नावाचा पहिला घास कठड्यावर ठेवला, तोही विकतचाच. इतर रविवारी कावळा किती ताटकळत ठेवायचा. काल लगेच आला, सगळं खाऊन गेला. तेव्हापासून मला जेवण जात नाही.

येत्या रविवारी तू गावाला घास ठेवशील तेव्हा माझ्यासाठी आयेची माफी माग. आणि तुझ्या घासाला कावळा अजून येतो ना, तेवढं कळव.

बोटांमुळे अक्षर वाकडं आलंय, लावून घे.

गोमा