नेत्र रुग्णालयातील हिमशिखरे पुन्हा उलटी टांगण्याबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
शासकीय नेत्र रुग्णालय.
(मार्फत : आवक-जावक शाखा, खिडकी क्र. २. तेथील लिपिकबाई मला लांबून पाहताच शिक्का हातात घेतात, सबब अधिक तपशील देत नाही.)

विषय : प्रतीक्षा दालनातील बर्फाच्छादित पर्वतांचे कृष्णधवल हवाई छायाचित्र माझ्याच तक्रारीवरून सरळ केल्यामुळे उलटे झाले असून ते पूर्ववत करण्याबाबत, तसेच त्यापायी एका निर्दोष कर्मचाऱ्याच्या सेवापुस्तकात आलेला शेरा ३१ तारखेपूर्वी रद्द होण्याबाबत.

संदर्भ : १) याच विषयावरील, परंतु नेमकी विरुद्ध मागणी करणारे माझे अकरा अर्ज. २) चौकशी समितीचा अहवाल. ३) माझ्या पत्नीचा उजवा डोळा.

महोदया,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करतो की, हा माझा बारावा अर्ज आहे. आधीचे अकरा आपण वाचले असतील तर मी दिलगीर आहे, आणि वाचले नसतील तर तेवढीच माझी अब्रू वाचली. त्या अर्जांतून मी जे जे मागितले ते ते चुकीचे होते. दुर्दैवाने आपल्या कार्यालयाने ते अखेर मंजूर केले.

१. मी भूमापन खात्याच्या हवाई छायाचित्रण शाखेत एकतीस वर्षे नोकरी केली. कामाचे स्वरूप असे : विमानाच्या पोटाला भोक, भोकात कॅमेरा, कॅमेऱ्याशेजारी गारठलेला मी, आणि खाली पर्वत. कॅमेरा नाकासमोर नव्हे, तर सरळ खाली पाहतो. त्यामुळे फोटोत आकाश नसते, क्षितिज नसते, वरची बाजू कोणती हे सांगणारे काहीच नसते. बर्फ पांढरे आणि सावली काळी, एवढाच ऐवज. अशा फोटोतला डोंगर सावलीवरून ओळखावा लागतो. सावली पाहणाऱ्याकडे पडेल असा फोटो धरला की शिखरे वर येतात. उलट धरला की तीच शिखरे आत जातात आणि खड्डे दिसू लागतात. माणसाच्या डोळ्याची ती खोडच आहे. ही गोष्ट मी दरसाल नव्या उमेदवारांना शिकवत असे. "सावली आपल्या पोटाकडे" हे वाक्य मी इतक्यांदा उच्चारले आहे की शाखेत माझ्या माघारी मला 'पोटसावली' म्हणत. हे मला निवृत्तीच्या निरोप समारंभात कळले, व्यासपीठावरून.

२. त्या हजारो फोटोंत माझा म्हणावा असा एकच साधला. सकाळचे तिरपे ऊन, ताजे बर्फ, करवतीच्या दात्यांसारखी शिखरांची रांग. तो मी स्वतः अंधारखोलीत चार फूट बाय तीन फूट मोठा केला आणि मग त्यावर नाव घालायला बसलो. बर्फावर पांढरी शाई दिसत नाही, म्हणून काळी जागा शोधली. ती एका कोपऱ्यात, दरीच्या सावलीत सापडली. कागद टेबलावर जसा पडला होता तसाच ठेवून मी झोकात नाव लिहिले, हुद्द्यासह. सावली कोणाच्या पोटाकडे पडते आहे हे पाहायचे सुचले नाही. नाव उठून दिसते की नाही, हे मात्र तीनदा पाहिले.

३. निवृत्तीनंतर हे चित्र मी आपल्या रुग्णालयास भेट दिले. ते टांगले ते वॉर्डातल्या मामांनी. त्यांना डॉक्टरांपासून रुग्णांपर्यंत सारे 'मामा'च म्हणतात. त्या दिवशी मी आलो नव्हतो. आठ वर्षांनी चष्म्याचा नंबर काढायला आलो, तेव्हा वरच्या कोपऱ्यात माझे नाव वटवाघळासारखे लटकताना दिसले. माझा तिळपापड झाला. नंबर न काढताच घरी गेलो आणि पहिला अर्ज लिहिला.

४. त्यानंतरचा पत्रव्यवहार आपल्या नस्तीत आहेच, आणि लिपिकबाई म्हणतात ती नस्ती आता एका हाताने उचलत नाही. पहिल्या अर्जात मी विनंती केली, दुसऱ्यात खेद व्यक्त केला, तिसऱ्यापासून तीव्र खेद. "सदर छायाचित्राची वरची बाजू कोणती, याचा पुरावा सादर करावा" अशी आपल्या कार्यालयाने विचारणा केली, तेव्हा पाचव्या अर्जासोबत मी एका तज्ज्ञाचे प्रमाणपत्र जोडले. तो तज्ज्ञ मीच होतो. आठव्या अर्जात "एका हयात कलावंताचे नाव पाय वर करून टांगणे" असे शब्द आहेत. ते पत्नीने खोडायला सांगितले होते. मी ते अधोरेखित केले. या चार वर्षांत मी त्या दालनात निदान तीस वेळा आलो असेन. दरवेळी मान वाकडी करून नाव वाचले, मनस्ताप करून घेतला आणि परत गेलो. चित्रातले डोंगर एकदाही पाहिल्याचे आठवत नाही.

५. अखेर चौकशी समिती नेमली गेली. तीत एक नेत्रतज्ज्ञ, एक भांडारपाल आणि बांधकाम खात्याचे एक वीजतंत्री होते. तिघांनी चित्रासमोर उभे राहून माना आधी डावीकडे आणि मग उजवीकडे कलवल्या. "पर्वताबाबत निश्चित मत देता येत नाही, तथापि अक्षरे निश्चितपणे उलटी आहेत," असा त्यांनी एकमताने निष्कर्ष काढला. ज्याने चित्र टांगले त्याला काही विचारावे असे समितीला वाटले नाही. मला तरी वाटायला हवे होते, पण मी त्या वेळी अध्यक्षांना माझ्या मानेचे दुखणे समजावून सांगत होतो.

गेल्या महिन्याच्या आठ तारखेला चित्र फिरवण्यात आले. त्याच आदेशाने मामांच्या सेवापुस्तकात "भेटवस्तूची हेळसांड व दात्याच्या नावाची अवहेलना" असा शेरा पडला आणि त्यांना वॉर्डातून काढून तळघरातल्या चादरींच्या कोठीत पाठवण्यात आले. आदेशाची प्रत मला आली, ती मी कपाटाच्या दारावर चिकटवली. मामांविषयीची ओळ मी वाचली होती. वाचून "बरी अद्दल घडली" असे मोठ्याने म्हणालो, हेही नमूद करतो, कारण घरात साक्षीदार आहे.

६. सदर साक्षीदाराची, म्हणजे माझ्या पत्नीची, याच महिन्यात आपल्याकडे मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्या दिवशी पट्टी काढून तिला प्रतीक्षा दालनात बसवले होते. तिने समोर पाहिले आणि माझा हात घट्ट धरला. "अहो, माझं ऑपरेशन फसलंय. तुमच्या फोटोत नुसते खड्डे दिसतायत." आणि तिला रडू फुटले. नव्या डोळ्याला सरावायला वेळ लागतो, घाईने निष्कर्ष काढू नये, असे मी तिला ठणकावून सांगितले आणि हे शिखर, ही कडा, असे दाखवण्यासाठी बोट वर केले. खड्डे होते. मी मोजले, सव्वीस भरले.

खात्री करण्याचा शास्त्रशुद्ध मार्ग म्हणजे चित्र फिरवून पाहणे. परंतु पुन्हा कोणी ते फिरवू नये म्हणून माझ्याच दहाव्या अर्जानुसार ते चार स्क्रूंनी भिंतीला आवळलेले आहे. सबब स्वतःला फिरवणे एवढाच पर्याय उरला. मी चित्राकडे पाठ केली, कमरेत वाकलो आणि दोन पायांमधून पाहिले. माझे वय चौऱ्याहत्तर आहे. शिखरे उभी राहिली, सव्वीसच्या सव्वीस. मी मात्र उभा राहू शकलो नाही. दालनात चाळीसेक माणसे होती. पैकी निम्म्यांच्या डोळ्यांवर पट्ट्या होत्या, एवढाच दिलासा.

७. मला उचलून ज्या बाकावर आडवे केले, तेथे वॉर्डच्या सिस्टरनी माझे कान उपटले. त्यांच्याकडून मला पहिल्यांदाच समजले की ते चित्र या रुग्णालयात शोभेचे नव्हते. पट्टी सुटलेल्या प्रत्येक रुग्णाला मामा हाताला धरून त्यासमोर नेत आणि विचारीत, "काय दिसतंय, सांगा बघू?" रुग्ण म्हणे, "डोंगर. बर्फाचे." मामा म्हणत, "झालं तर मग! चला, घरी जायचं." डॉक्टरांनी दहा वेळा सांगून जी धास्ती जात नसे ती तेवढ्याने जाई. चित्र फिरल्यापासून मात्र एका शिंपीकाकांनी पट्टी सुटताच पाऊल मागे घेतले आणि पुढे जमीन खचली आहे म्हणून ते भिंतीच्या कडेकडेने दारापर्यंत गेले. एका निवृत्त मुख्याध्यापिकेने शस्त्रक्रिया पुन्हा करून मिळावी म्हणून अर्ज दिला. (तो माझ्या सर्व अर्जांपेक्षा सुबक आहे. लिपिकबाईंनी मुद्दाम दाखवला.) "काका, तुमच्या डोंगरापायी माझी ओपीडी खोळंबलीय," असे म्हणून सिस्टरनी त्याच दिवशी चित्रावर चादर टाकली. ती अजून आहे.

पत्नी एवढेच म्हणाली, "चार वर्षं तिथे जाऊन नुसतं स्वतःचं नाव वाचत होतात?" 

८. धरलेली कंबर सुटल्यावर मी चादरींच्या कोठीत गेलो. मामा घड्या घालत होते. मी तयार करून नेलेले माफीचे निवेदन काढले, पण "मामा, चूक माझी होती" यापुढे ते सरकले नाही. मामा म्हणाले, "ठाऊक आहे, साहेब. कंबर दुखतेय ना? बसा." आणि त्यांनी चादरींचा गठ्ठा माझ्याकडे सरकवला. मग घड्या घालता घालता म्हणाले, "लावायच्या दिवशी चारी बाजूंनी धरून बघितला होता. नाव सरळ केलं की डोंगर आत जायचा. म्हटलं, पेशंटला आधी डोंगर दिसू दे. पण तुमच्या नावाचं वाईट वाटलं. मग चिठ्ठी लावली."

ती चिठ्ठी त्यांनी कपाटातून काढून मला दाखवली. पुठ्ठ्याची एक पट्टी. तीवर मोठ्या अक्षरात "फोटो काढणारे साहेब", आणि पुढे माझे नाव, सरळ. ती आठ वर्षे चौकटीच्या खालच्या बाजूला चिकटवलेली होती, म्हणजे मी पहिल्या दिवशी ती पाहिलेली आहे. माझ्या पहिल्या अर्जाचे कलम दोन असे : "चौकटीवर कोणीतरी बाळबोध हस्ताक्षरात डकवलेला कागद तत्काळ हटवावा." अकरा अर्जांतली ही एकच मागणी चोवीस तासांत मान्य झाली होती. मामांनी पट्टी ओरबाडून काढलेली नव्हती. कोपरे शाबूत होते, पाण्याचा हात लावून हळूच सोडवलेली दिसत होती. मामांना लिहिता जेमतेम येते. माझ्या नावातले एक जोडाक्षर त्यांनी दुसऱ्या कोणाकडून काढून घेतले असावे, कारण तेवढेच वेगळ्या हाताचे होते. माझे नाव इतक्या कष्टाने कोणी लिहिले नव्हते, मीही नाही. मी त्या गठ्ठ्यावर बसून रडलो, आणि ते कमरेमुळे नव्हते.

९. मामा येत्या ३१ तारखेस निवृत्त होत आहेत. त्यानंतर सेवापुस्तक बंद होईल आणि छत्तीस वर्षांच्या नोकरीतली शेवटची ओळ तीच राहील. शेरा काढायचा तर एकतर कर्मचाऱ्याने स्वतः दाद मागावी किंवा तक्रारदाराने तक्रार चुकीची असल्याचे लिहून द्यावे, असे लिपिकबाईंनी सांगितले. मामांना त्यांनी तीनदा कोरा कागद दिला. तिन्ही वेळा मामांनी तो परत केला. "मी लिहिलं तर साहेब खोटे पडतील. या वयात कशाला त्यांना?" असे ते म्हणाले. माझी लाज राखायला आता आपल्या रुग्णालयात एकच माणूस उरला आहे आणि तो नेमका हा. म्हणून हा अर्ज.

तरी माझी नम्र विनंती अशी :

(अ) मामांच्या सेवापुस्तकातील शेरा रद्द करून त्या जागी "यांनी चित्र बरोबर लावले होते. तक्रारदारास डोंगर दिसत नव्हते" अशी नोंद घ्यावी. तीखाली मी सही करण्यास तयार आहे.

(आ) खोटी तक्रार केल्याबद्दल माझ्यावर जी काही कारवाई बसत असेल ती करावी. समिती नेमल्यास हरकत नाही. तेच सभासद असल्यास वेळ वाचेल.

(इ) चित्र पूर्वीप्रमाणे फिरवावे. माझे नाव उलटे होईल, ते तसेच असू द्यावे. पांढरी शाई ओल्या कापसाने पुसता येते आणि तसा विचार मी केला होता. परंतु पत्नीचे म्हणणे पडले की, "राहू दे उलटंच, येता-जाता दिसेल तुम्हाला."

(ई) पुठ्ठ्याच्या चिठ्ठीबाबत मी काहीच मागत नाही. तो हक्क मी गमावला आहे. मामांना ती लावावीशी वाटली तर त्यांना कोणी अडवू नये, इतकेच.

(उ) हे काम बांधकाम खात्याकडे न देता ३१ तारखेस सकाळी, मामांच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी, त्यांच्याच हस्ते व्हावे. चित्र उंचावर आहे आणि दालनातली फरशी गुळगुळीत आहे. तेव्हा शिडी खालून धरण्याची परवानगी मला मिळावी. मामा वर असताना चित्राची कोणती बाजू वर घ्यायची याबाबत मी एक शब्दही बोलणार नाही.

आपला, या खेपेस खरोखरच नम्र,

(सही)
निवृत्त हवाई छायाचित्रकार
दिनांक : २४ मार्च

सोबत :
१) पत्नीच्या डोळ्याचा अहवाल. दृष्टी उत्तम.
२) अस्थिरोगतज्ज्ञांचा दाखला : अर्जदार शिडी धरू शकतो, वाकू शकत नाही.
३) स्क्रूड्रायव्हर, एक नग. परत नको.