अकरा डिसेंबरचे पान

मी, सूर्यकांत विठोजी चौगुले, वय ६७, मूळचा निपाणीचा, राहणार के. आर. पुरम, बेंगळूरु, पूर्ण शुद्धीवर, कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहीत आहे. परवा माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. त्याआधी हे कागदावर आले पाहिजे.

१. राहते घर माझी एकुलती मुलगी शाल्मली हिला. बेळ्ळंदूरच्या ऑफिसातून येता-जाता तिचा जीव जातो. विकायचे तर खुशाल विकावे.

२. हत्यारांची पेटी भाचा निहार याला. त्याने गंज चढू दिला तर शाल्मलीने परत आणावी.

३. दिनविशेषाच्या वह्या शाल्मलीला. मराठी मंडळाच्या फळ्यावर तीस वर्षे मी त्यांतूनच लिहिले. ११ डिसेंबरच्या पानावर आहे: १९४६, युनिसेफची स्थापना. १९६७, कोयनेचा भूकंप. १९६९, बुद्धिबळपटू विश्वनाथन आनंद यांचा जन्म. १९९८, शाल्मलीचा जन्म. त्याखालची ओळ मी कधी लिहिली नाही. ती इथे लिहितो.

त्या सकाळी बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात प्रेस मशीनचा सेफ्टी स्विच बिघडल्याचे मला कळले होते. ‘बंद’ची पाटी लावणे माझे काम. इतक्यात दवाखान्यातून फोन आला. माझा जोडीदार पिराजी म्हणाला, “तू पळ अण्णा, मशीन मी बघतो.” मी पाटी लावली नाही. त्याला सांगितलेही नाही. शाल्मलीला हातात घेतले तेव्हा पिराजी त्या मशीनमध्ये सापडून गेलेला होता. चौकशीत ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ असे ठरले. त्या कागदावर मी सही केली.

४. <s>वरची खोली पिराजीच्या पत्नी कृष्णाबाई यांना.</s>

हे कलम काल खोडले. दर वाढदिवसाला शाल्मलीसाठी पायसाचा डबा आणणाऱ्या या बाईला काल मी सगळे सांगितले. तिने विचारले,

“म्हणजे त्यांची चूक नव्हती?”

“नव्हती, अक्का.”

“सत्तावीस वर्षं मी त्यांनाच बोल लावला. पोरांसमोर लावला.”

मी पाया पडायला वाकलो. तिने पाय मागे घेतले.

“शाल्मलीला ठाऊक आहे?”

“नाही.”

“आज सांग. माझ्यासमोर. आणि खोली नको मला. साक्षीदार कोण?”

“शेजारचा नागराज. दुसरा अजून मिळायचा आहे.”

“ज्याला काही मिळतं, त्यानं साक्षीची सही करू नये म्हणतात ना? मग माझं नाव खोड. त्यांची चूक नव्हती, या लिहिण्याखाली माझी सही पाहिजे.”

संध्याकाळी शाल्मलीला सांगितले. ती माझ्याशी अजून बोललेली नाही.

वरील मजकूर मी वाचला, तो खरा आहे.

सही: सूर्यकांत विठोजी चौगुले
के. आर. पुरम, बेंगळूरु, ३ फेब्रुवारी २०२६

आमच्यासमोर सही केली:
१. नागराज, शेजारी
२. कृष्णाबाई, पिराजीची बायको