‘थंड’ या शब्दाच्या खुलाशाबाबत

प्रति,
मा. धातुपत्रा वाटप अधिकारी,
अहमदनगर.

विषय : ‘धंदा थंड’ या कारणाने बंद केलेला तांब्याच्या पत्र्याचा कोटा पुन्हा चालू करणेबाबत.
संदर्भ : आपले पत्र क्र. ४१७, दि. २ फेब्रुवारी १९७१.

महोदय,

मी गोरक्ष दगडू तांबट, रा. घोडेगाव, ता. नेवासे, हंडे-घागरी घडवणारा, नम्रपणे कळवतो की :

१. आपले निरीक्षक गेल्या महिन्यात एका गुरुवारी आले. त्यांनी भट्टीच्या राखेत बोट घातले व “थंड आहे” म्हणाले. मी खरे तेच बोललो, “आमचं काम थंडच आस्तंय, साहेब.” आम्ही भांडे ठोकून घडवतो, त्यास मठारणे म्हणतात, व ते गार पत्र्यावरच होते. पत्रा मऊ करण्यापुरता जाळ दर सोमवारी करतो. निरीक्षकांनी ‘धंदा थंड’ असे लिहून नेले आणि माझा पत्रा बंद झाला.

२. निरीक्षक आधी समोरच्या छगन यांच्याकडे चहा प्याले. छगन जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, भांडी विकतात. त्यांना माझा जाळाचा सोमवार ठाऊक आहे, तरी पाहणी गुरुवारी झाली. हा माझा संशय आहे, आरोप नाही. आपले कार्यालय यात सामील आहे असेही मी म्हणत नाही, फक्त मनात येते.

३. आपले पत्र आल्यावर मी घाबरून रोज जाळ करू लागलो. चौथ्या दिवशी पोलीस आले. तांब्याचे भांडे व रोजचा जाळ म्हणजे हातभट्टी, असा निनावी अर्ज त्यांना मिळाला होता. त्यांनी माझा शेवटचा अर्धवट हंडा वास घेऊन जप्त केला. अर्जातील अक्षर मला दाखवले नाही. जाळ नसला तर धंदा बंद आणि असला तर दारू, मग मी किती तापावे हे आपणच लेखी कळवावे.

४. तरी कागदावरील ‘थंड’ खोडून ‘मठारकाम’ लिहावे व कोटा चालू करावा. चार पिढ्यांचे काम माझ्या एका शब्दाने बुडेल याची मला फार भीती वाटते. दुकानात आता पत्र्याचा तुकडा नाही. समोरून ‘दुकान बंद’ असे कळवले जाऊ नये म्हणून मी रोज सकाळी रिकाम्या ऐरणीवर ठोके मारतो. परवा ते ऐकून गावातल्या बनुबाई लेकीच्या लग्नाचा हंडा सांगायला आल्या. मी मान खाली घालून ठोकतच राहिलो.

आपला नम्र व अद्याप चालू असलेला,
गोरक्ष दगडू तांबट
घोडेगाव, दि. २२ फेब्रुवारी १९७१

सोबत : आपल्या पत्राची नक्कल. (मूळ पत्र मी कोणाच्याही हाती देणार नाही.)