फुलांचं पाणी

माय, झाडाला तोंड न्हाई मागायला, तुला हाय, असं तू एकदा म्हणाली होतीस. लातूरच्या मोठ्या रस्त्यावर, दोन्हीकडून गाड्या जात असताना, मधल्या पट्ट्यातल्या कण्हेरीला टँकरच्या पाइपनं पाणी घालत. मी समोर उभी होते. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला आणि शिकेकाईचं पाणी कानामागून ओघळत होतं.

त्या दिवशी नांदेडचे पाहुणे मला बघायला येणार होते. घरात एकच बादली उरलीय हे न बघता मी डोक्याला शिकेकाई लावली आणि अर्ध्यातच पाणी संपलं. गल्लीत कुणाकडे मागावं, तर सगळ्यांचेच रांजण कोरडे. म्हणून कळशी घेऊन, तू पालिकेच्या कामावर होतीस तिथं पळत आले. टँकरवाले मामा म्हणाले, "द्या की बाई लेकीला. एका कळशीनं कण्हेर मरायलीय का?" तू पाइप हलवलाही नाहीस. ते वाक्य बोललीस आणि मग हळूच, फक्त मला ऐकू येईल असं, "घरी जा. लोक बघायलेत."

पाहुण्यांपुढे मी चिकट, वाळलेल्या केसांनी बसले. पोरीच्या डोक्याला काय झालंय, असं त्यातल्या एका बाईनं विचारलंच. तू खाली मान घालून पोह्यांच्या बशा पुढे सरकवल्यास. त्याच घरात मी नांदले. सणावाराला तो विषय हमखास निघायचा, सगळे हसायचे, मीही हसायचे. तुला मात्र कधी जाब विचारला नाही. तू गेलीस तेव्हाही नाही.

परवा लातूरला गेले होते. तुझी कण्हेर उपटून टाकलीय. त्या पट्ट्यात आता प्लास्टिकची फुलझाडं आहेत, खाली खोटं हिरवं गवत, वर दिव्यांच्या माळा. रिक्षावाला कौतुकानं म्हणाला, "बेस केलं बघा. पाण्याची कटकटच न्हाई." तुला तिथं आणून उभं करावंसं वाटलं. ज्यांच्यासाठी लेकीला तशीच परत पाठवलीस, ती फुलं कुठंयत ते दाखव म्हणावं.

रिक्षा थांबवून मी उतरले आणि एका प्लास्टिकच्या झाडाच्या बुडाशी बोट लावून पाहिलं, ओल आहे का. हे कुणाला सांगितलेलं नाही.

माय, झाडाला तोंड नव्हतं, मला आहे, म्हणून मागते. आता तिथं पाणी प्यायला कुणी उरलेलं नाही. त्या वाचलेल्या पाण्यातली एक कळशी मला दे. तू नाहीच म्हणशील.