लिफ्टमधलं मराठी

१३ जानेवारी, सोमवार

नवा मॅनेजर कॅनडाहून येणार, म्हणजे गोराच असणार, असं महिनाभर ऐकत होतो. आज आला. सुयश! आमचा सुयश! शारजात रोल्लाच्या खोलीत सहा जण राहायचो तेव्हा तो वरच्या बंकवर, मी खालच्या. आठ वर्षांपूर्वी ही नोकरी सोडून कॅनडाला गेला, तिथला पासपोर्ट घेतला, आणि आता त्याच कंपनीत, माझ्याच डोक्यावर!

सगळ्यांसमोर हात मिळवला. "गुड टू सी यू, राजन." मी म्हटलं, "वेलकम, सर." नंतर लिफ्टमध्ये दोघंच होतो तर म्हणतो, "राजा, वहिनी अजून भरली वांगी करतात का रे?" सातव्या मजल्यावर दार उघडलं आणि लगेच इंग्रजी सुरू.

१४ जानेवारी, मंगळवार

साधनाने त्याच्यासाठी तीळगूळ दिला होता. लिफ्टमध्ये दिला, लिफ्टमध्येच खाल्ला त्याने. बाहेर पडायच्या आधी ओठ पुसले!

२१ जानेवारी, मंगळवार

एचआरच्या सुजाताच्या तोंडून निसटलं — सुयशचा पगार माझ्या अडीचपट. वर घरभाडं, विमानाची तिकिटं. डिग्री आमची एकाच कॉलेजची, एकाच वर्षाची. मार्क माझे जास्त! गंमत म्हणजे दोन्ही पासपोर्ट निळेच आहेत.

पण यात नवीन काय? वीस वर्षं बघतोय. पंगत एकच, पण तूप पासपोर्ट बघून वाढतात. पहिल्या पानावर गोरे, मग लेबनीज, मग आपण, आपल्या खाली फिलिपिनो, नेपाळी आणि बाकीचे. सुयश मधल्या पानावरून उठला आणि पहिल्या पानावर जाऊन बसला, एवढंच. पूर्वी असं काही ऐकलं की झोप उडायची. आता चिडायचाही कंटाळा आलाय.

जेवताना साधनाने विषय काढला. "घरमालक भाडं वाढवतोय. अजमानलासुद्धा आता परवडेना! तुमचं इन्क्रिमेंट होणार नसेल तर मैथिलीची बारावी झाली की आम्ही दोघी पुण्याला जातो. काय ते स्पष्ट सांगा." मैथिली मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाली, "आय ॲम नॉट गोइंग, बाबा."

मागे दोघी सुट्टीला गेल्या होत्या तेव्हा मी जेवताना टीव्ही लावून बसायचो, नुसता आवाज हवा म्हणून. मला ते पुन्हा नको आहे. सुयशशी बोललंच पाहिजे.

२९ जानेवारी, बुधवार

तीन टेंडर एकदम आलीत. सगळ्यांचे दर काढणार मी एकटा! हाताखाली माणूस मागितला. सुयश लगेच म्हणाला, "शुअर, बट समबडी चीप."

दुपारभर अर्ज चाळले. एक बरा सापडला, तहा नावाचा. खार्टूमचा सिव्हिल इंजिनिअर, दहा वर्षांचा अनुभव. तिकडे युद्ध सुरू झालं तसा इकडे आला. सुजाताने विचारलं, "राजन सर, इसको कितना बोलूँ?" मी म्हटलं, "सुदानी है, चार हजार बोलो. आ जाएगा." चार हजार दिरहम, म्हणजे रुपयांत चौऱ्याण्णव हजार. माझ्या पगाराचा तिसरा हिस्सा. येईल की. ज्याचा देश जळतोय तो काय घासाघीस करणार?

६ फेब्रुवारी, गुरुवार

अजमान ते दुबई दोन तास. परत येताना दोन. खलास.

११ फेब्रुवारी, मंगळवार

तहा आला. चार हजारांत! उंच, अबोल, शर्टाला कडक इस्त्री. राहतो कुठे विचारलं तर म्हणे रोल्ला, बंकवर. "ऊपर या नीचे?" म्हटलं. "अप्पर, सर." हसूच आलं. वरचा बरा, ढेकूण खालच्याला जास्त चावतात, हे त्याला सांगितलं. तोही हसला.

माणूस कामाचा निघेल. मला जरा श्वास घेता येईल.

१९ फेब्रुवारी, बुधवार

आज क्लायंट हम्मादसाहेब आले होते. माझ्याशी नेहमी दोन वाक्यं — "हाऊ मच? टू मच!" तहाशी मात्र अर्धा तास अरबीत हसतखिदळत बोलले आणि आमचे दर मान्य करून गेले. मी मध्ये बसून मान डोलावत होतो.

घरी साधनाला सांगितलं. तिने विचारलं, त्याला देतात किती? आकडा ऐकून म्हणाली, "एवढ्यात कसं भागतं हो त्याचं? घरीही पाठवत असेल ना?"

"एकटा आहे. भागतं. आणि सुदानींचा रेटच तो आहे."

"हो, सुयशभावोजींचाही रेट असेलच की मग!"

तिला बोलायला काय जातं? पण सकाळी डब्यात दोन पोळ्या जास्त होत्या. तहासाठी.

६ मार्च, गुरुवार

शेवटी इन्क्रिमेंटचं विचारलंच. केबिनमध्ये उत्तर मिळालं, "आफ्टर ईद, राजन. लेट्स सी."

लिफ्टमध्ये मात्र बोलत राहिला. "माझ्या हातात काही नाही रे. खर्च इतका कमी कर म्हणून मलाही वरून आकडा येतो." मग आपणहून कॅनडाचं सांगायला लागला. तीन हिवाळे रात्रपाळीला गोदामात खोकी उचलली म्हणे. पाठीचं ऑपरेशन झालं. बायको संजना आणि मुलं अजून तिकडेच, मुलांना इथे यायचं नाही. "लोक पासपोर्टचा पगार म्हणतात. हा त्या बर्फाचा पगार आहे, राजा."

वाईट वाटलं. खरंच वाटलं. पार्किंगपर्यंत वाटत होतं. मग घरमालक आठवला.

२१ मार्च, शुक्रवार

मोठं टेंडर मिळालं! दोन वर्षांत पहिल्यांदा! दर माझे, बोलणी तहाची. रोजे चालू आहेत म्हणून केक संध्याकाळी कापला. सुयशने सगळ्यांसमोर माझ्या पाठीवर थाप मारली — "राजन इज अवर बॅकबोन." टाळ्या पडल्या.

साधनाला गाडीतूनच फोन केला. घरमालकाकडे ईदपर्यंतची मुदत माग म्हटलं, आता इन्क्रिमेंटला नाही म्हणायला ऑफिसला तोंडच नाही. ती म्हणाली, "बघा हं, मी मैथिलीला सांगू ना?" म्हटलं, सांग.

२ एप्रिल, बुधवार

ईदनंतर ऑफिस उघडलं. तहाने खजुराचा डबा आणला होता, खास साधनासाठी. सुयश दिवसभर वरच्या मजल्यावर मीटिंगमध्ये होता. उद्या विचारतो. इन्शाल्ला!

३ एप्रिल, गुरुवार

सुयशने केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घेतलं आणि मराठीत बोलायला लागला. ऑफिसात, मराठीत! खुर्चीत टेकायच्या आधीच मला कळलं.

"राजा, दोघांना नाही रे ठेवता येत. तहा तुझं सगळं काम करतो, तिसऱ्या हिश्श्यात."

एवढ्यात कसं भागेल त्याचं, असं ओठांवर आलं होतं. पण आकडा मीच दिला होता.