आधी रेडिओ बंद करा

३ फेब्रुवारी

काल कुठवर आलो होतो गं वही? विसरलीस! तुझं बरं आहे — पान उलटलं की डोकं रिकामं. मला अक्षर येत नाही, म्हणून सगळं डोक्यात ठेवावं लागतं. लिहून घेते नात. तिला मधे बोलायची परवानगी नाही.

४ फेब्रुवारी

संपादकबाई आल्या. माझ्या पाककृतींच्या पुस्तकाची नवी आवृत्ती काढायची आहे. मी बोलताना माझ्या तोंडाकडे अशा टक लावून बघतात, जणू दात मोजताहेत!

"आजी, 'कांद्याची बडबड थांबली की आच कमी करा' हे सगळ्यांना कसं जमणार? मिनिटं घालू या."

म्हटलं, घाला की! मग माझं नाव काढा, घड्याळाचं छापा.

अख्खं पुस्तक मी कानाने सांगितलंय. पहिलं वाक्यच — आधी रेडिओ बंद करा. भाजीवाला म्हणतो, "तुमच्या पुस्तकापायी आमच्याकडे रांधताना कुणी तोंड उघडत नाही. संसार टिकला, आजी!" त्याचा संसार मिनिटांवर सोडू?

७ फेब्रुवारी

कांदा करपला. माझा!

८ फेब्रुवारी

आज पुन्हा. सुनेने धावत येऊन गॅस बंद केला. काहीतरी म्हणाली, मी हसून मान डोलावली. नात मागून सांगते, "आजी, आई विचारत होती, तुला ऐकू येत नाही का?"

घ्या! आणि मी हो म्हटलं.

वर म्हणते, हल्ली तू ओरडून सांगतेस. म्हणजे माझी खाजगी वही अख्ख्या जिन्याला तोंडपाठ! बाईंच्या कानावर गेलं तर मिनिटं आलीच. जायचं नाही. जिन्याला शपथ घाला.

११ फेब्रुवारी

डॉक्टरांनी कानात यंत्र बसवलं. कांदा परतावा तर कुणी कागद चुरगाळतंय असं वाटतं. काढून मिरीच्या डबीत ठेवलं.

१४ फेब्रुवारी

लाकडी पळी पातेल्याच्या तळाला टेकवली, दांडा हनुवटीला. ध्यान दिसत असणार! पण बडबड आली — लाकडातून, जबड्याच्या हाडातून! मग थांबली. आच कमी केली. कांदा मधासारखा. सून हसता हसता रडायला लागली. वेडी.

लपवायचं कशाला आता? मीच सांगणार बाईंना. पहिल्या पानावर छापा म्हणावं — मला ऐकू येत नाही. ज्यांना येत नाही त्यांनी पळी हनुवटीला लावावी. मिनिट एकही मिळणार नाही!

१५ फेब्रुवारी

सांगितलं.  बाईंनी कानावरचे केस बाजूला केले. दोन्ही कानांत यंत्रं — लहानपणापासून.

म्हणजे मिनिटं ती स्वतःसाठी मागत होती. आणि मी दात मोजल्याचं म्हणत बसले!

पोरी, माझी पळी दे पाठवून तिच्याकडे. सोबत कांदे. शिजवलेलं काही नको — कच्चेच पाठव. परतायचे तिने.