आकृती सत्तावीस

दि. ९ ऑगस्ट

ती. बाबा,

साष्टांग नमस्कार. पाठ धरली आहे, त्यामुळे तूर्त वाकले असं मानून घ्या. आईचा गुडघा कसा आहे? इकडे सगळे मजेत. दवाखान्याला नवा रंग दिला. रंगाऱ्याने बाहेरची खोली अशी काही पोपटी करून ठेवली आहे की पेशंट दारातच दचकतात.

तुमच्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीचं काम संपत आलं. दातांच्या एक्स-रेचा पहिला भाग तयार आहे आणि शरीरक्रियेच्या दुसऱ्या भागात तुमच्या सगळ्या दुरुस्त्या घेतल्या. एका स्वल्पविरामावरून तुम्ही मला दोन पानं सुनावलीत, तीही वाचली. स्वल्पविराम तुमच्या मनासारखा ठेवला आहे.

राहता राहिली आकृती सत्तावीस. मी एवढंच विचारलं होतं की ते चित्र उलटं छापलं गेलंय का. स्वल्पविरामासाठी दोन पानं लिहिणाऱ्या माणसाने यावर एकच ओळ पाठवली, 'आकृती वगळावी.' फोन केला, तर तुम्ही हवापाण्याचं बोललात आणि फोन आईकडे दिलात. म्हणून हे पत्र.

मी ती आकृती वगळणार नाही.

गेल्या महिन्यात माझी डावीकडची खालची दाढ पुन्हा ठणकायला लागली. दवाखान्यातल्या सहकारी डॉक्टरने एक्स-रे काढला. दाढेचं एक मूळ टोकाशी आकड्यासारखं वळलेलं होतं. असं मूळ रोज दिसत नाही, पण मी ते आधी पाहिलं होतं, आणि कुठे तेही लगेच आठवलं. तुमचं पुस्तक मला तोंडपाठ आहे. आकृती सत्तावीस शेजारी धरली. तेच मूळ, फक्त आरशात दिसावं तसं. खाली तुमची ओळ होती, 'खालची उजवी पहिली दाढ.'

बाबा, माझ्या तोंडात खालची उजवी पहिली दाढ नाही. मी आठवीत असताना तुम्ही ती काढलीत. चित्रातली दाढ अजून डावीकडे शाबूत आहे.

एक्स-रेच्या फिल्मच्या कोपऱ्यातला बारीक उंचवटा आपल्या बाजूला ठेवायचा, नाहीतर डाव्याचं उजवं होतं, हे मला तुम्हीच शिकवलंत. घाईत कुणाच्याही हातून फिल्म उलटी धरली जाईल, माझ्याही. त्याबद्दल माझी तक्रार नाही. एका दाढेवाचून माझं काही अडलं नाही.

तक्रार वेगळी आहे, आणि ती लिहायचं टाळत इथवर आले. खुर्चीत बसून डाव्या गालावर बोट ठेवून मी म्हणत होते, "बाबा, इथे दुखतंय." तुम्ही फिल्म उजेडासमोर धरलीत आणि म्हणालात, "दुखणं फसवतं. तुला कळत नाही कुठे दुखतंय ते."

उजवी दाढ गेली तरी डावीकडे ठणकतच राहिलं. तुम्ही म्हणालात, अभ्यास टाळायची थेरं आहेत. शेवटी आईने मला गुपचूप दुसऱ्या डॉक्टरबाईंकडे नेलं आणि ती दाढ वाचली. पण पुढे कित्येक वर्षं काहीही दुखलं की मी आधी स्वतःलाच विचारायचे, खरंच दुखतंय ना? बाळंतपणाच्या कळांच्या वेळीसुद्धा विचारलं. त्याचा मला अजून राग आहे.

आता दुसऱ्या भागातलं तुमचंच वाक्य वाचा. 'दातदुखी खालच्या जबड्यातून वरच्या जबड्यात किंवा कानात जाऊन फसवते, परंतु चेहऱ्याची मधली रेषा ओलांडत नाही.' दुसरा भाग लिहायला घेतलात तेव्हा पहिला छापून झालेला होता. हे तुम्ही नंतर लिहिलंत. म्हणजे डावीकडचं दुखणं उजव्या दाढेचं असूच शकत नव्हतं, हे तुम्हाला उमगलं होतं. ते तुम्ही पुस्तकाला सांगितलंत, मला नाही. आणि आकृती आवृत्तीमागून आवृत्ती तशीच उलटी छापत राहिलात.

आई म्हणते, "जाऊ दे, त्यांचं वय झालंय." वय झालंय म्हणूनच जाऊ देणार नाही. तुमच्या माघारी, तुम्हाला उत्तर देता येत नसताना, ही दुरुस्ती करणं मला जमणार नाही. नवे डॉक्टर हे पुस्तक खुर्चीशेजारी उघडं ठेवून काम करतात, आणि त्या खुर्चीत कुणाचं तरी पोर बसलेलं असतं.

तेव्हा आकृती राहील, सुलटी राहील, आणि खाली असं छापलेलं असेल: 'खालची डावी पहिली दाढ. ही फिल्म उलटी वाचल्यामुळे उजवी निरोगी दाढ काढली गेली. डावीकडे दुखत असल्याचे रुग्ण सांगत होती.'

पानं उद्या सकाळी मी स्वतः प्रकाशकांकडे नेऊन देणार आहे. रागवा, अबोला धरा, महिनाभर फोन आईकडे द्या. तुमचं नाव मुखपृष्ठावर माझ्या वरच राहील, कारण मला जे येतं त्यातलं बहुतेक तुमचंच आहे. चूक झाली म्हणायला तेवढं मी बाहेर शिकले.

औषधं वेळेवर घ्या. आईला नमस्कार.

तेव्हाही डावीकडेच दुखत होतं, बाबा. मला कळत होतं.

तुमची,
आकृती सत्तावीस